बदनापूरची खुर्ची

शेजूळकाका सकाळी ऑफिसात आले की आधी खुर्चीत बसत, मग डबा ठेवत, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत आणि मग म्हणत, "झालं, आलो एकदाचा." हे वाक्य ते एकवीस वर्षं रोज म्हणत आले होते. पहिली काही वर्षं त्यात थोडी फुशारकी असावी. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर पत्रव्यवहाराला बसायला लागलो, तोवर त्यात नुसता श्वास उरला होता.

पुंजाराम शेजूळ हे नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीतले सगळ्यात जुने नोकर. त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. बियाण्याचा प्रत्येक ढीग म्हणजे एक लॉट. लॅबमधल्या उषाबाई त्यातले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, आठवड्यानं त्यातले किती उगवले ते मोजायच्या, आणि तो आकडा काकांकडे यायचा. आकडा पुरेसा असला की काका लॉट 'मोकळा' करायचे. तोपर्यंत कुठल्याही डेपोवरून त्या लॉटचं एक पोतंसुद्धा ट्रकमध्ये चढत नसे. म्हणजे तसं पाहिलं तर मोठाच अधिकार. पण काकांकडे पाहून हा माणूस काही अडवून धरू शकेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांना स्वतःचा डबा अडवून धरता येत नव्हता. त्यातला ठेचा आम्हीच संपवायचो.

काका राहायचे बदनापूरला. आता यातली गंमत अशी, की बदनापूरला आमच्या कंपनीचं गोडाऊन होतं आणि ते काकांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, स्टेशनच्या वाटेवरच होतं. म्हणजे काका रोज सकाळी आपल्याच कंपनीच्या फाटकासमोरून पुढं जायचे, पॅसेंजर धरायचे, वीसेक किलोमीटर लांब येऊन त्याच कंपनीत बसायचे, आणि संध्याकाळी त्याच फाटकासमोरून परत घरी. फाटकावरचा भिवा वॉचमन त्यांना दोन्ही वेळा सलाम ठोकायचा. "मालक, आत तर या कधी," म्हणायचा. काका म्हणायचे, "आत येऊन काय करू बाबा, माझं टेबल तिकडं हाय."

टेबल तिकडं होतं, हेच तर सगळं दुखणं होतं.

कारण घरी झुंबरबाई एकट्या. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. झुंबरबाईंना साखरेचा आजार. दोन हजार पाच सालच्या भाद्रपदात त्या भर दुपारी दोनदा चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या खेपेला दाराला आतून कडी होती. शेजारच्या मालनबाईंनी खिडकीतून हाका मारमारून, शेवटी दोन गडी बोलावून दार उचकटलं. काकांना हे कळलं संध्याकाळी, गाडीतून उतरल्यावर, भिवाकडून. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या गाडीनं आले, बसले, डबा ठेवला, चष्मा पुसला, आणि "आलो एकदाचा" म्हणालेच नाहीत. म्हणून मी विचारलं.

"दहा मिंटावर असतो तर पोचलो असतो," काका म्हणाले. "एवढंच."

त्याच सुमारास कंपनीत डब्या आल्या.

झालं होतं असं, की आमच्याकडे कपाशीच्या सरकीवरची लूस हवेत उडायची. ती डोळ्यांत जायची, चहात जायची, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायची. वर्षाला सहा-सात कॉम्प्युटर गुदमरून जायचे. शिवाय आठ-आठ तास लोडशेडिंग. तेव्हा वरच्या लोकांनी ठरवलं की टेबलावरचे कॉम्प्युटर काढून टाकायचे आणि त्याजागी डबी बसवायची. डबी म्हणजे खरोखरच डबी, जेवणाच्या डब्याएवढी. तिला पंखा नाही, पोटात काही नाही. सगळ्यांचं सगळं एका खोलीत, एका मोठ्या सर्व्हरवर. बाहेरगावचे डेपोसुद्धा तारेनं त्यालाच जोडलेले. आपण डबीसमोर बसून आपलं नाव घालायचं, की आपला पडदा जसाच्या तसा समोर.

हे सगळं बसवायला देवानंद हिवाळे नावाचा इंजिनिअर नवा घेतला होता. जालन्याचाच, वय पंचवीस-सव्वीस, सहा महिन्यांच्या बोलीवर. पोरगं मोठं गुणी. आम्हा पन्नाशीच्या मंडळींना त्यानं न चिडता शिकवलं, यावरूनच काय ते समजा. त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "काका, वायर ओढून बंद करायचं नाही. कोणतंही मशीन असो, रीतीनं बंद करायचं. आधी स्टार्ट, मग शट डाऊन." काकांनी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

एके दिवशी प्रात्यक्षिक म्हणून देवानंदनं काकांना लॅबमध्ये नेलं, उषाबाईंच्या डबीसमोर बसवलं, आणि नाव घालायला लावलं. पडद्यावर काकांचं सगळं उमटलं. लॉटची यादी, अर्धवट राहिलेलं पत्र, मागे लावलेला नातवाचा फोटोसुद्धा.

"अगं माय," उषाबाई म्हणाल्या, "काका, तुमचं टेबल माझ्या टेबलावर आलं की! आता डबा बी इकडंच येऊ द्या."

काका हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "हिवाळे साहेब, हे कुठंबी दिसंल?"

"कुठंही, काका. तार पोचली की झालं."

"कुठंबी म्हंजे, बदनापूरच्या गोडाऊनला?"

"हो की. तिथं लाइन येणारच आहे."

"बराबर असंच? ह्या फोटोसकट?"

"फोटोसकट."

त्या दिवशी काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅनेजरच्या केबिनचं दार आपणहून उघडलं. आमचे मॅनेजर रामराव साहेब. माणूस वाईट नव्हता, पण नोकर डोळ्यांना दिसला तरच तो काम करतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांच्या केबिनला यासाठीच काच लावलेली होती. तरी झुंबरबाईंचं ऐकून ते विरघळले. म्हणाले, "दसरा होऊ द्या. बदनापूरला पहिली डबी लागेल ती तुमची. खुर्चीसुद्धा नवी देतो."

काकांनी घरी सांगितलं. झुंबरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे दुपारच्याला बी जेवायला घरी येणार? मंग मला दुपारी बी ताज्या भाकरी थापाव्या लागतील. आराम तुम्हाला हाय का मला?" हे काकांनीच मला सांगितलं, आणि सांगताना इतके हसले की ठसका लागला.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा. कंपनीत ही पूजा पहिल्या वर्षापासून काकांकडे. भटजी बोलावण्याचा प्रश्नच नाही; सगळ्यात जुना माणूस तोच पुजारी. सुरुवातीला तराजू, पोती शिवायची मशीन आणि एक टाइपरायटर होता. पुढं कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनाही हळदीकुंकू लागलं. रीत अशी, की पूजा झाली की हत्यार बंद करून ठेवायचं आणि दसऱ्याला सोनं लुटून झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एवढा एक दिवस निवांत. काका याबाबतीत फार कडक. एका वर्षी उषाबाईंनी पूजेनंतर कात्री वापरली, तर काका दिवाळीपर्यंत त्यांच्याशी जेमतेम बोलले.

पण या वर्षी पुजायचं काय? डबीत तर काही नव्हतं. काकांनी देवानंदलाच विचारलं, आणि देवानंदनं खरं ते सांगितलं, की काका, हत्यार आता एकच उरलंय, ते त्या खोलीत आहे.

देवानंद त्या दिवशी गडबडीत होता. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. संध्याकाळी सहाला त्याच्या गल्लीतून नागपूरला जीप निघणार होती, आणि आई गिरिजाबाई बॅगा भरून बसलेली. तरी त्यानं खोलीची किल्ली काकांकडे देताना एका कागदावर सूचना लिहून दिल्या. पाणी शिंपडू नये. नारळ बाहेर फोडावा. उदबत्ती लावू नये. कुंकू फक्त सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला. फुलं जाळीवर ठेवू नयेत. बंद करू नये, असं मात्र लिहिलं नाही. असं कुणी कशाला करील, असं त्याला वाटलं असणार. घाईत तो सर्व्हरवरचं स्वतःचं नावही उघडंच ठेवून गेला.

काकांनी सगळ्या सूचना तंतोतंत पाळल्या. कुंकू दाराला लावलं, नारळ जिन्यात फोडला. मग हात जोडले आणि वहीत लिहिल्याप्रमाणे, आधी स्टार्ट, मग शट डाऊन. हिरवे दिवे एकेक करून विझले. पंख्यांची घरघर थांबली. आम्ही दारात उभे होतो. एवढी शांतता त्या खोलीत कधी नव्हती. काका म्हणाले, "झोप बाबा. लई राबलास." खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, प्रसाद वाटला, आणि अडीचला ऑफिस सुटलं.

त्या वेळी खांडव्याच्या डेपोवर हरभऱ्याच्या बियाण्याचे नऊ ट्रक उभे होते आणि इंदूरला सहा. सगळीकडे पडदे काळे झाले. कुठला लॉट मोकळा आणि कुठला नाही, हे सांगणारा एक कागद कुणाकडे नव्हता, कारण कागद बंद करण्यासाठीच डब्या आणल्या होत्या. ड्रायव्हर ओरडायला लागले. डेपोवाल्यांनी रामराव साहेबांच्या घरी फोनवर फोन केले, आणि रामराव साहेबांनी देवानंदच्या मोबाइलवर.

देवानंद साडेचारला मोटरसायकलवर काकांच्या दारात उभा. पुढचं सगळं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे. दोन्हींत फरक फक्त झुंबरबाईंनी पुढ्यात ठेवलेल्या धपाट्यांच्या संख्येचा.

"काका, सर्व्हर तुम्ही बंद केला?"

"व्हय. रीतीनं केला. वायर न्हाई ओढली."

देवानंद पायरीवर बसला. झुंबरबाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या आणि धपाटे ठेवले. "खाय लेकरा. तोंड किती सुकलं तुझं."

"मावशी, खायला वेळ न्हाई. काका, किल्ली द्या. सगळे डेपो बंद पडलेत."

"डेपो?" काकांना आधी कळेचना. "डेपोचं काय तिथं? मी आपल्या ऑफिसचं हत्यार बंद केलं."

"आपल्या ऑफिसचं न्हाई ते. सगळ्यांचं एकच आहे. खांडव्याचंही तेच, इंदूरचंही तेच."

"असंल," काका म्हणाले. "पण आज त्याला हात लावता येत न्हाई. उद्या सोनं लुटलं की मी सोता पहिल्या गाडीनं येतो अन् उघडतो."

"काका, पंधरा ट्रक उभे आहेत."

"मान्सं थांबत्यात की. वर्षाकाठी एक दिस हत्याराला बी—"

"आवो," झुंबरबाई चुलीपासून म्हणाल्या, "दसऱ्यानंतर तुम्हाला इथं बसवणार कोण? रामराव साहेब. अन् ट्रक कुणाचे अडले? त्यायचेच. द्या ती किल्ली."

काकांनी खिशातून किल्ली काढली, पण दिली नाही. पायात चपला घातल्या आणि मोटरसायकलवर मागे बसले. निजलेल्याला दुसऱ्यानं उठवू नये, मीच उठवतो, असं त्यांचं म्हणणं. वाटेत देवानंद मान न वळवता म्हणाला, "काका, एक सांगू? चूक माझी आहे. मी माझं नाव उघडं ठेवून गेलो. ते बंद असतं तर तुम्हाला शट डाऊन करताच आलं नसतं."

"मंग?"

"मंग काही न्हाई. माझे सहा महिने दिवाळीला भरतात. साहेब विचारतील, याला बंद करता आलंच कसं."

काका काही बोलले नाहीत. मोटरसायकलवर वारा फार होता, असं ते पुढं म्हणाले.

ऑफिसात पोचल्यावर काकांनी कपाटाच्या दाराला एक फूल वाहिलं, "माफ कर बाबा, आज तुझी बी सुट्टी गेली," म्हणाले आणि बाजूला झाले. देवानंदनं बटण दाबलं. पावणेसहाला खांडव्याचा पडदा उजळला. देवानंद धावत गेला आणि त्याला जीप मिळाली. काकांना बदनापूरची गाडी मिळाली नाही. ते काळीपिवळी जीपच्या मागच्या पाटावर, दोन कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना काचेच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. दार अर्धं उघडं होतं आणि माझं टेबल दाराला लागून, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

"शेजूळ, माझं तुमच्या पूजेबद्दल काही म्हणणं नाही," रामराव साहेब म्हणाले. "मला एवढंच सांगा, बंद कसं केलंत? त्याला तर पासवर्ड लागतो म्हणे. हिवाळेनं उघडं ठेवलं होतं का?"

काका उभे होते. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर.

"न्हाई साहेब. पासवर्ड लागतच व्हता. मंग मी बटण दाबून धरलं."

"बटण? किती वेळ?"

"बंद होईस्तोर."

एकवीस वर्षांत हा माणूस खोटं बोललेला मी ऐकला नव्हता, आणि पहिलंच खोटं त्यानं असं निवडलं होतं की रीतीनं केलेलं काम रीत सोडून केलं म्हणून सांगायचं. देवानंदच्या धड्याखाली ज्यानं रेघ मारली होती, त्याला हे किती जड गेलं असेल ते मला ठाऊक होतं.

"मी तुम्हाला बदनापूरला एकटं बसवणार होतो," रामराव साहेब म्हणाले.

"व्हय साहेब."

"तिथं कुणी बघायला नाही. उद्या तिथलं काही दाबून धराल. नाही शेजूळ, आता तुम्ही माझ्या डोळ्यासमोरच बसा."

"बरं साहेब," काका म्हणाले, आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

दोन दिवसांनी देवानंद नागपूरहून आला. मीच त्याला सांगितलं. मला राहवलं नाही. तो तडक केबिनकडे निघाला, तर काकांनी त्याचा हात धरला. "गप बस. केबिनीत जायचं न्हाई."

"पण काका, मावशी तिकडं एकट्या—"

"मालनबाई बसत्यात दुपारच्याला. कडी लावायची न्हाई, असं ठरलंय आमचं. तुझी नोकरी अजून लागायची हाय, माझी संपत आली. जा, त्या खांडव्याचं काय अडलंय ते बघ."

दिवाळीत देवानंद कायम झाला. घरून पेढे घेऊन आला, पण काकांसमोर पेढ्याचा डबा धरताना त्याच्याकडून मान वर झाली नाही. काकांनी दोन पेढे घेतले, एक झुंबरबाईंसाठी, मग आठवलं की त्यांना साखर आहे, आणि तोही स्वतःच खाल्ला.

बदनापूरच्या गोडाऊनला लाइन ठरल्याप्रमाणे आली. डबीही आली, नवी खुर्चीही. त्या खुर्चीवर बसायला माणूस मात्र कुणी नेमला नाही. गोडाऊन कीपर दिवसातून एकदा येऊन पोत्यांचा आकडा भरून जायचा. बाकी वेळ खुर्ची प्लास्टिकमध्येच. काका रोज सकाळी फाटकासमोरून जायचे, आणि भिवा म्हणायचा, "मालक, या की आत. तुमचीच खुर्ची हाय."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पॅसेंजर तासभर लेट होती. काका परत फिरले आणि आत गेले. खुर्चीवरचं प्लास्टिक तसंच ठेवून बसले, नाव घातलं. पडदा उमटला. आदल्या संध्याकाळी लॅबनं पाठवलेले सगळे आकडे तिथं वाट बघत होते. काकांनी तासाभरात त्या दिवसाचे सगळे लॉट मोकळे केले, रीतीनं बंद केलं, आणि लेट झालेली गाडी धरून जालन्याला आले.

मग ते रोजचंच झालं. सव्वासातला घरून निघायचं, गोडाऊनमध्ये बसायचं, दिवसाचं काम उरकायचं, आणि मग काम उरकल्यावर गाडीत बसून कामाला यायचं. जालन्याला पोचेपर्यंत करायला काही शिल्लक नसे. एखाददुसरा उशिराचा आकडा आला तर तेवढंच. बाकी दिवसभर काका काचेसमोर ताठ बसून असायचे, डोळे उघडे ठेवून. दुपारी दोनच्या सुमाराला ते उघडे ठेवणं फार कष्टाचं व्हायचं.

एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, सगळं तिथंच होतं तर साहेबांना सांगा की सरळ."

"काय सांगू? की तुमच्या पाठीमागं काम करून राह्यलो म्हणून?" काका म्हणाले. "त्यापरीस हे बरं. सकाळी तासभर तरी घराजवळ असतो. ती भाकर करती तवर मी इकडं बसतो, भिवाचं पोरगं निरोप आणतं, जेवून जा म्हणून. पळत जाऊन चार घास खाऊन गाडी धरतो. तेवढंच."

मार्च अखेरीच्या मीटिंगला रामराव साहेबांनी सगळ्यांसमोर काकांचं नाव घेतलं. म्हणाले, "आता शेजूळांचंच बघा. डोळ्यासमोर बसवल्यापासून माणूस केवढा सुधारला! सगळे लॉट सकाळी नऊच्या आत मोकळे! देखरेख म्हणतात ती याला." आणि त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. देवानंद मागच्या रांगेत होता. त्याला मशीनवर दिसत असणारच, कोण कुठल्या डबीवरून किती वाजता नाव घालतं ते. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला होता.

काका उठले, हात जोडले, बसले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते, आणि त्यांची परतीची गाडी पावणेसहाची होती.